वरच्या मजल्याची मापं

४ फेब्रुवारी

शिडी,

फोन केला असता, पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि पाचव्याला तू फोन ठेवतोस. पत्र मधेच ठेवता येत नाही, म्हणून पत्र.

बातमी अशी की तुझी ताई घरमालकीण होणार आहे. वरचा मजला भाड्याने द्यायचा ठरवलाय. बाबांचं भंगार, माझे कापडाचे गठ्ठे, दोन मोडक्या शिलाई मशीन, सगळं काढलं. रिकामी झाल्यावर खोली केवढी मोठी निघाली! एकसष्टाव्या वर्षी माझ्याच घरात मला नवी जागा सापडली. एक खोली, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर, एवढं आरामात बसतं. आणि मुख्य म्हणजे बाहेरून जिना घालतेय. वरच्या माणसाला माझ्या शिलाईच्या खोलीतून, गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांना धडकत जायला नको. स्वतःचा जिना, स्वतःचं दार, स्वतःची चावी. तो कधी गेला आणि कधी आला, हे मला कळायचं कारणच नाही.

पण मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी उभा जन्म एकाच घरात काढला. तू एकोणीस वर्षं भाड्याच्या खोल्यांतून राहतोयस. भाडेकरूला काय लागतं, त्याला कशाचा राग येतो, ते सगळं लिहून पाठव. मला कुणाच्या शिव्या खायच्या नाहीत.

तुझी पत्र्याची पेटी वर सापडली. उघडली नाही.

उघडली. तुझे जुने बूट आहेत आणि लिफ्टची तीन बटणं. काय करू?

ताई


१६ फेब्रुवारी

टाचणीताई,

तू आणि घरमालकीण! त्या बिचाऱ्याने जिन्यावर चप्पल तिरकी काढली तर तू खालून ओरडशील, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

बूट टाकून दे. बटणं ठेव. माझ्या पहिल्या कामाची आहेत ती.

आता ऐक. भाडेकरूच्या दारावर टकटक करावी आणि मग थांबावं. टकटक करत करत आत येणं, याला टकटक म्हणत नाहीत. सकाळी दहा वाजता पाण्याचा कॉक बंद करू नये. माणसाला सुट्टीच्या दिवशी अकरालाही अंघोळ करावीशी वाटते. भिंतीत खिळा ठोकला म्हणून तोंड पाडून बसू नये. माणूस राहायला लागला की त्याला काहीतरी टांगायचं असतं. दिवा का चालू होता, पंखा का चालू होता, पाहुणा किती दिवस आहे, हे प्रश्न विचारू नयेत. मीटर वेगळा घे, म्हणजे विचारायची वेळच येणार नाही. सामानाची यादी कर, दोघांनी सह्या करा, एकेक प्रत ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, करार जेवढ्या मुदतीचा असेल तेवढी मुदत त्याला राहू दे. आपली गरज निघाली म्हणून माणसाला मधेच उठवू नये.

आणि हो, तुझ्या उंचीच्या खुंट्या ठोकू नकोस! तू बारा वर्षांची असताना बाबांनी तुझ्या हाताला येतील अशा ठोकल्या आणि नंतर तू वाढायचं विसरलीस. माझी विजार त्यांवर टांगली की फरशी पुसायची.

बाकी इथे ठीक. लिफ्टदुरुस्तीचं काम जोरात आहे, पंचवीस इमारती माझ्या भरवशावर वर-खाली करतात.

तुझा शिडी


१० मार्च

शिडी,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तू मला सल्ला देतोयस की तक्रार करतोयस? तुझ्या खोलीत सकाळी दहाला पाणी बंद होतं का? आणि तुझ्याकडे पाहुणा कोण आला होता? मला तर कधी बोलावलं नाहीस.

असो. तुझी सगळी कलमं भिंतीवर चिकटवली आहेत. मीटर वेगळा घेतला. जिना झाला, सोळा पायऱ्या, कठडा लोखंडी. दाराला हिरवा रंग दिलाय. मी मुद्दाम खाली मशीनवर बसून शेजारणीला वर-खाली करायला लावलं. पावलं ऐकू येत नाहीत. तू गेलास तेव्हा म्हणाला होतास ना, "या घरात एकच दार आहे आणि त्या दारात तू बसलेली असतेस. मला माझं दार असेल तेव्हा येईन." मला ते आठवलं, इतकंच. तुला म्हणून लिहीत नाही. कुणाही माणसाला आपलं दार लागतं, एवढं मला आता समजलंय.

सुताराशी मात्र माझं रोज वाजतं. ओटा किती उंच, खुंट्या कुठे, आरसा कुठे, दर दहा मिनिटांनी खाली येऊन विचारतो. मी मापं काढून दिली तर म्हणतो, "बाई, वर जिराफ ठेवणार आहात का?" मी म्हटलं, तुम्ही ठोका, माप घेण्यात माझी चाळीस वर्षं गेली आहेत.

ताई


२ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. कामाची फार गडबड आहे. जिना छान झाला असेल. मी ठीक आहे. सवडीने लिहितो.

शिडी


२० एप्रिल

शिडी,

हे अक्षर आहे की कोंबडी कागदावरून चालत गेली? डावखुरा असूनही तुझं अक्षर बाबा शेजाऱ्यांना दाखवायचे. चालत्या लिफ्टमध्ये बसून लिहिलंस का? आणि चार ओळीच? तब्येत बरी आहे ना? खरं सांग.

इकडे जागा तयार झाली. एजंटला सांगितलं, आणि माणसं बघायला यायला लागली. पहिलं आलं शिक्षक जोडपं. बाई स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि ओटा त्यांच्या छातीला लागला. पोस्टाच्या खिडकीशी उभं राहावं तशा दिसत होत्या. आरशात बघितलं तर त्यांना छत दिसलं. गुरुजी कुलूप उघडायला गेले तर कडी उलट्या बाजूला. दोघं एकमेकांकडे बघून "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही.

मग एक बेकरीवाला आला. बुटका, गुबगुबीत, स्वभावाने गोड. खुंटीवर टोपी टांगायला उडी मारली. मला हसू आवरेना, आणि त्याला राग आवरेना.

तिसरी परिचारिका. तिला सगळं पसंत होतं. म्हणाली, ओट्यापाशी पाट ठेवून उभी राहीन. मीच नाही म्हटलं. तिच्याकडे मांजर आहे, माझ्याकडे गिऱ्हाइकांचे कपडे असतात, केस चिकटतील. एजंट म्हणाला, "मांजर वर राहणार, कपडे खाली, तुमचं काय जातंय?" त्याला काय कळतंय.

तू सांगितल्याप्रमाणे सामानाची यादी केली आहे. एक प्रत पाठवते. काही राहिलं असेल तर सांग.

ओटा – जमिनीपासून एकेचाळीस इंच. आरसा – मध्य एकाहत्तर इंचांवर. खुंट्या पाच, पितळी – ब्याऐंशी इंच. पलंग – लांबी सात फूट. दिव्याचं आणि पंख्याचं बटण – उशाच्या डाव्या बाजूला. चमच्यांचा कप्पा – ओट्याच्या डावीकडे. कडी-कुलूप – डाव्या हाताला. खुर्ची एक, टेबल एक (पाय उंच करून घेतले).

ताई


११ मे

ताई,

यादी वाचली. पहिल्यांदा हसलो. म्हटलं, टाचणीचं डोकं फिरलं. मग टेप काढली आणि माझ्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. एकेक माप बघत गेलो.

ताई, एकाहत्तर इंचांवर माझे डोळे येतात.

तू सुताराला मापांच्या वहीतलं माझं पान दिलंस ना? शेवटचं पान, लांब कोटाचं. तो कोट तू शिवत होतीस आणि मी न घेता निघून गेलो. उगीच सांगू नकोस की कुणाही भाडेकरूसाठी केलंस. सात फुटी पलंग आणि डावीकडचा चमच्यांचा कप्पा! ही जागा भाड्याने द्यायची नाहीच मुळी. मांजरीचं नाव कशाला पुढे करतेस?

मी बराच वेळ त्या भिंतीपाशीच उभा होतो. मालक टकटक करत आत आले आणि "काय मोजताय?" म्हणाले. मी "घर" म्हणालो. त्यांना वाटलं, मी त्यांच्या घराचं क्षेत्रफळ काढतोय. तेव्हापासून संशयाने बघतात.

पण ताई, मी येत नाही. येता येणार नाही. इथे कामाला दुसरं माणूस नाही, पंचवीस इमारतींचा प्रश्न आहे. तू ओटा खाली घे, खुंट्या खाली घे आणि चांगला माणूस बघून जागा देऊन टाक. माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. तुझ्याही हाताशी कुणीतरी असायला हवं. जिन्यावर पावलं वाजलेली बरी.

अक्षर बरं आलंय बघ. पेन बदललं.

शिडी


१ जून

शिडी,

पकडलंस. हो, तुझंच पान दिलं. सुतार "किती उंच" म्हणाला आणि माझ्या हाताने आपोआप वही उघडली. दुसऱ्या कुणाचं माप तिथे घालावं, हे सुचलंच नाही. आधी खरंच भाड्याने द्यायचं म्हणून सुरुवात केली होती. जिन्याचं काम चालू झालं तेव्हा मनात आलं, हे दार बघून तो येईल का? मग प्रत्येक खिळा तुझ्या नावाने ठोकला गेला. लोकांना नाही म्हणताना मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकते.

मी काही तुझी वाट बघत बसलेली नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? बसले आहे. एकोणीस वर्षं बसले आहे. मशीन दारासमोरून हलवायला शेजारणीने कितीदा सांगितलं, उजेड मागच्या खिडकीत जास्त येतो म्हणून. हलवली नाही. तू दारातून गेलास, तर दारातूनच येशील ना?

तेव्हा मी तुला फार विचारायचे. कुठे गेला होतास, कुणाबरोबर होतास, जेवलास का. आई गेल्यावर मला वाटायचं, हे विचारणं म्हणजेच सांभाळणं. तुझा जीव गुदमरत होता हे मला कळलं नाही. तेव्हाही शिकवणारं कुणी असतं तर शिकले असते.

आता एकच सांगते. ऑगस्टअखेरपर्यंत जागा कुणाला दाखवणार नाही. तोवर तुझं पत्र आलं तर चावी तुझी. नाही आलं तर सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला चावी एजंटला देईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. रागाने नाही लिहीत. रिकाम्या खोलीत रोज केर काढून माझी कंबर गेली आहे.

ताई


९ सप्टेंबर

शिडी,

तुझं पत्र आलं नाही. ३१ ऑगस्टला पोस्टमन गल्लीच्या टोकापर्यंत गेला तरी मी दारात उभी होते. मग आत आले.

जागा दिली. एक वर्षाचा करार, दोघींच्या सह्या, यादीची एकेक प्रत, सगळं तू सांगितलं होतंस तसं. भाडेकरू बाई आहे, शाळेतल्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. एजंटबरोबर आली ती दारात वाकून आली. तुझ्यानंतर त्या दारात वाकलेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. वर गेली, डाव्या हाताने कुलूप उघडलं. मी तिला काही दाखवलं नाही, सांगितलं नाही. बोलता बोलता तिने कोट काढला आणि न बघता मागच्या मागे खुंटीवर टांगला. ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा मी वाकल्याशिवाय भांडी घासेन. हे कुणासाठी केलं होतं?"

मी म्हटलं, तुमच्यासाठीच. आणि जिन्यात येऊन रडले.

चांगली आहे ती. टकटक केल्यावर मी थांबते.

तू ठीक आहेस एवढं एका ओळीत कळव. मोठं पत्र नको.

ताई


१२ सप्टेंबर

ताई,

तुझ्या मुदतीला बारा दिवस होऊन गेले. तरी लिहितो. आता सगळं खरं लिहितो, मधेच ओरडू नकोस.

मार्चमध्ये एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना पडलो. शिडीवरून. हो, शिडी शिडीवरून पडली, हसून घे. डावा खांदा फाटला. एप्रिलचं पत्र उजव्या हाताने लिहिलं होतं, तुझ्या कोंबडीचं. मे महिन्यात हात झोळीतून सुटला, लिहिता येऊ लागलं, पण वर जाईना. उजवा उंच केला तरी डाव्या खांद्यात कळ येते. ज्याचा हात वर जात नाही त्याला लिफ्टचं काम कोण देणार? कंपनीने तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं आणि जुलैत तेही संपलं. पंचवीस इमारती माझ्याशिवायही वर-खाली करतात. समोरच्या फुटपाथवरून बघून आलो.

तुझं जूनचं पत्र मी खिशात घेऊन फिरत होतो. त्याच दिवशी "येतो" म्हणून लिहायचं होतं. पण त्या खुंट्या! तू ज्याच्यासाठी ती जागा केलीस, तो माणूस हात वर करून छताला टेकवायचा. मी कुठल्या तोंडाने येऊ? तुझ्यासमोर उडी मारून टोपी टांगू? डॉक्टर म्हणाले होते, ऑगस्टपर्यंत बघू. मी मनाशी ठरवलं, हात वर गेला तर येतो. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम असतो, रोज पेन्सिलीने खूण करायची. मी टेपने मोजून ब्याऐंशी इंचांवर एक रेघ मारली होती. तीन महिने त्या रेघेकडे बघत चढत होतो. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी बोटं एकसष्टवर थांबली. पुढे जात नाहीत, जाणारही नाहीत. म्हणून पत्र आलं नाही.

मालकांना खोली हवी आहे. करार संपायला पाच महिने बाकी आहेत, पण भांडायचं त्राण नाही. महिनाअखेर रिकामी करायची.

तुला वाटतं ना की मला माझं दार हवं होतं? एकोणीस वर्षं होतं. रोज त्या दाराने आत आलो आणि दिवा लावला. कुठे होतास म्हणून कुणी विचारलं नाही. पाहुणा कुणी आला नव्हता ताई. तुला बोलवायचं म्हणून एकदा मालकांना नुसतं विचारलं होतं, तर ते म्हणाले, "किती दिवस?" मला त्याची लाज वाटली आणि मी बोलावलंच नाही.

वरची जागा अजून रिकामी असेल तर मला दे. फुकट नको. भाडेकरू म्हणून ठेव, करार कर, अनामत घे. फक्त खुंट्या खाली घ्याव्या लागतील, आणि ते मलाच जमणार नाही. सुताराला सांग, जिराफ बसला.

रिकामी नसेल तरी राग नाही. मुदत तू दिली होतीस.

मला घरी यायचंय, ताई.

शिडी


२१ सप्टेंबर

शिडी,

तुझं बाराचं पत्र आणि माझं नऊचं, दोन्ही वाटेत एकमेकांना ओळख न दाखवता पुढे गेली असणार. आपल्याच घरची पत्रं ती.

वरची जागा गेली. त्या बाईला मी वर्षभर उठवणार नाही. तूच लिहिलंय आणि ते भिंतीवर चिकटवलंय. तुझ्या मालकांच्या भिंतीवरही कुणीतरी चिकटवायला हवं होतं. तू भाडेकरू म्हणून येणार म्हणतोस. मला भाडेकरू मिळाली आहे, दुसरा नको.

पत्र वाचून मी आधी खूप ओरडले, एकटीच. सहा महिने खांदा फाटलेला, आणि मला सांगतोस पेन बदललं! मग वही काढली. लांब कोटाच्या पानावर खांद्यापासून टाचेपर्यंतचं माप आहे, बासष्ट इंच. मग टेप घेऊन शिलाईच्या खोलीतल्या माझ्या खुंट्या मोजल्या, बाबांनी ठोकलेल्या, तू हसायचास त्या. पंचेचाळीस इंच. तुझा हात एकसष्टपर्यंत जातो, म्हणजे खांद्याला इंचभर कमी. सोळा इंच वर राहतात.

विजार फरशी पुसेल. पुसू दे.

मशीन काल मागच्या खिडकीत नेली. त्या बाईने एकटीने उचलली. दारासमोरची जागा रिकामी झाली, तिथे तुझ्यासाठी दुसरा सात फुटी पलंग मावतो. तो कोट अजून आहे. डाव्या बाहीची शिवण उसवली आहे, खांद्यात चार बोटं सैल करते, म्हणजे हात वर न करता घालता येईल. पण त्यासाठी माप लागेल. जुनं चालणार नाही, नवीन पान काढून ठेवलंय.

गाडी कधी पोचते ते कळव. उशीर केलास तर मी विचारणार आहे, कुठे होतास.

ताई